काच खाली, मग स्क्रू

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आमच्या दुकानाला पाटी होती, पण त्यावर काय लिहिलंय हे ज्याला आधीच माहीत असेल त्यालाच ती वाचता येई. सीट कव्हर, गादी, हूड असं काहीबाही होतं. दुकानाच्या मागच्या बाजूला एक पडदा होता, पडद्याआड माझी शिलाई मशीन, आणि मशीनच्या पाठीला लागून दोन खोल्यांचं आमचं घर. कोण्या डॉक्टरच्या गाडीचं चौकड्याचं कापड उरलं होतं, त्याचा तो पडदा. त्याच्या अलीकडे बाबा आणि पलीकडे मी, अशी आमची वाटणी होती. माप बाबा घेत, बोलत बाबा, चहा बाबांना मिळे. कापणं, शिवणं, रेक्झिनवर पट्टी बसवणं हे सगळं माझ्याकडे. गिऱ्हाईक आलं की मी मशीन थांबवायची आणि गिऱ्हाईक गेलं की सुरू करायची. गिऱ्हाइकाला वाटे की हा म्हातारा काय वेगाने काम करतो. बाबा त्याला तसं वाटू देत. "पोट्टीच्या हातचं म्हटलं का लोकं शिलाई उलटून उलटून पाह्यते," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

माझी मशीन जाड रेक्झिन शिवायची, त्यामुळे तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. आवाज थांबला की शेजारच्या साहूकाकी आपल्या सुनेला म्हणायच्या, रंजू जेवायला बसली, तू पण चुलीवरचं उतरव. आमच्या जेवणाला कायम सोल्युशनचा वास असे. मशीनपाशी रेक्झिन चिकटवायचं सोल्युशन उघडं पडलेलं, पाठीमागच्या खोलीत आईची लसणाची फोडणी. आईचे लोक अमरावतीकडचे, ती गोळाभात करायची, पाटवडीचा रस्सा करायची, आणि साहूकाकींच्या संगतीने तांदळाचे फरेही करायला शिकली होती. आज माझ्या घरात चकचकीत ओटा आहे, वर धूर ओढणारं यंत्र आहे, पण फोडणीत थोडा सोल्युशनचा वास नसला तर मला ती कच्चीच वाटते. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, फुप्फुसाचा फोटो काढून घ्या.

मग एक दिवस असा आला की आम्ही झोपलो मध्य प्रदेशात आणि उठलो छत्तीसगडात. गाव तेच, तलाव तोच, तलावावरचे डासही तेच, पण आता ते राजधानीचे डास होते. आठवडाभरात पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, पाट्या बदलल्या. राजधानी पान भंडार, राजधानी हेअर सलून, आमच्या समोरच्या धोब्याचं राजधानी ड्रायक्लीनर्स. तो कपडे पूर्वी जिथे धूत होता तिथेच धूत राहिला. वीज आधीही जायची, आता ती गेली की लोक अभिमानाने म्हणत, मंत्र्यांच्या बंगल्याचं लोड आलं आहे. भोपाळहून साहेब आले, साहेबांचे साहेब आले, आणि प्रत्येकाला एक पांढरी गाडी मिळाली. गाडीच्या मागच्या सीटवर पांढरा टॉवेल टाकला की माणूस साहेब होतो, हे मला तेव्हा कळलं. टॉवेलाखाली सीटचं कव्हर फाटकं असलं तरी चालतं.

त्या पांढऱ्या गाड्यांच्या दारांना आतून काहीच नसे, नुसतं सपाट पॅनल. एका साहेबाने हौसेने बाबांकडून दाराला कप्पा शिवून घेतला, कागदबिगद ठेवायला. झालं. एका साहेबाच्या दाराला कप्पा आहे आणि दुसऱ्याच्या नाही, अशाने राज्य कसं चालणार? महिनाभरात आमच्या दुकानासमोर पांढऱ्या गाड्यांची रांग लागली. ड्रायव्हर लोक चहाच्या टपरीवर बसून आपापल्या साहेबांची अब्रू काढत आणि मी पडद्यामागे मशीन थांबवून ऐकत असे. माझं राज्यशास्त्र तेवढंच झालं आहे.

कप्पा शिवायची बाबांची एक पद्धत होती. ते आधी दार मोजत नसत, आधी वस्तू मागत. "साहेब, ठेवणार काय? दाखवा." गिऱ्हाइकाने ती वस्तू समोर ठेवायची, बाबा ती रेक्झिनवर आडवी टाकून खडूने तिच्याभोवती रेघ मारत आणि चारी बाजूंनी दोन बोटं सोडत. मग दाराकडे जात. साहेब लोक या प्रश्नाने गडबडून जायचे. एका इंजिनीयर साहेबांनी सांगितलं, पुलाचे नकाशे. पुढे कप्पा दुरुस्तीला आला तेव्हा त्यात सुपारी, कंगवा आणि बायकोच्या चपला निघाल्या. एकांनी नियमांचं जाडजूड पुस्तक पाठवून दिलं होतं. ते बरोबर माप देऊन परत गेलं, आणि नंतर त्या कप्प्यात डबा राहू लागला. बाबा म्हणत, "माणूस सांगते मोठं, ठेवते लहान. आपण शिवाचं मधलं."

दुसरी गोष्ट स्क्रूची. त्यात बाबा गंमत करत नसत. कप्प्याच्या वरच्या पट्टीला स्क्रू लागतात आणि ते दाराच्या आत घुसतात. आत पोकळी असते, आणि काच खाली केली की ती त्याच पोकळीत उतरते. म्हणून आधी काच पूर्ण खाली करायची. मग भोकातून खराट्याची काडी घालायची, काचेला टेकली की तिथे नखाने खूण करायची, आणि त्या खुणेपेक्षा आखूड स्क्रू निवडायचा. बाबांच्या कानावर लोक विडी ठेवतात तशी कायम एक खराट्याची काडी असे. "काच खाली, मंग स्क्रू," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की आरतीच्या शेवटी तेवढंच म्हणायचं बाकी राहिलं होतं. आणि कप्पा कधी पास म्हणायचा याचाही त्यांचा नियम ठरलेला होता. कप्प्यातलं पडू नये, आणि काच अडू नये.

पण बाबांचे डोळे जात चालले होते. खडूच्या एका रेघेच्या त्यांना दोन दिसत. आईने एक दिवस जेवताना विषय काढला. गल्लीच्या तोंडाशी एका माणसाने जमिनीच्या व्यवहाराचं ऑफिस टाकलं होतं. राजधानी झाल्यापासून ज्याला दुसरं काही जमत नसे तो जमिनीचा व्यवहार करी. त्याला आमचं दुकान हवं होतं. आई म्हणाली, "देऊन टाका. डोळे नाई तर दुकान कायले? आन् रंजूचं लग्न झालं का ते मशीन काय मी चालवू?" मी भाकरी ताटात ठेवली. मी एकोणीस वर्षांची होते, बारावी नापास होते आणि मला त्या मशीनशिवाय जगात दुसरं काही येत नव्हतं. मी म्हणाले, "दुकान मी चालवतो." रायपुरातल्या आमच्या पोरी रागात आल्या की पोरांसारखंच बोलतात. आई हसली. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "एक गाडी तू एकटी कर. मोजण्यापासून तं स्क्रूपर्यंत. मी हात लावणार नाई. पास झाली तं दुकान तुह्यं. नाई झाली तं चाबी त्या जमीनवाल्याले."

परीक्षेला गाडी आली ती थेट मंत्र्याची. आधी मंत्र्यांचे पीए आले, सफारी सूट घातलेले. म्हणाले, "मंत्रीजी जनता के आदमी हैं. जहाँ जाते हैं, लोग गाड़ी रोक के आवेदन देते हैं. आवेदन रखने के लिए पॉकेट चाहिए. बड़ा." बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आवेदन दाखवा, साहेब." पीए म्हणाले, भिजवा देंगे, म्हणजे पाठवून देतो. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शंकर नगरच्या बंगल्यातून एक फुलस्केप कागद आला, कोरा करकरीत. जनतेच्या माणसाच्या अख्ख्या बंगल्यात एकही अर्ज सापडला नव्हता म्हणे. मी त्या कोऱ्या कागदाभोवतीच खडूची रेघ मारली, दोन बोटं सोडली. फुलस्केप उभा राहायला हवा होता म्हणून कप्पा उंच झाला, इतका की त्याची वरची पट्टी काचेच्या अगदी खाली आली. शिवताना मी दुहेरी टाका घातला. असा कप्पा मी त्याआधी शिवला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही.

गाडी घेऊन ड्रायव्हर दाऊराम आला. साधा माणूस, धमतरीकडचा. गाडी कोरी होती, त्याच दिवशी पूजा झालेली. बोनेटवर हार, चाकाखाली चिरडलेली लिंबं, आणि मंत्र्यांच्या आईने, सगळे तिला अम्माजी म्हणत, मागच्या दोन्ही दारांच्या काचांवर स्वतःच्या बोटाने तुपातल्या शेंदराचं स्वस्तिक काढलं होतं. मी काच खाली करायला हँडलला हात घातला तशी दाऊरामने किंकाळीच फोडली. "काँच झन उतारबे दीदी! स्वस्तिक मेटा जाही. अम्माजी मोला जियत नइ छोड़य." खाली करू नको, पुसलं जाईल, अम्माजी मला जिवंत सोडणार नाहीत. आता काय करणार? तुपातला शेंदूर ओला होता, काच उतरली असती तर दाराच्या रबराने तो साफ निपटून काढला असता. आणि संध्याकाळी गाडी बंगल्यावर हवी होती. बाबा समोर बाकावर बसले होते, पण त्यांना काच वर आहे की खाली हे दिसण्याचे दिवस संपले होते. मी काच वरच ठेवून भोकातून काडी घातली. काडी आत गेली, गेली, बोटापर्यंत गेली तरी कशाला टेकेना. आत मोकळं मैदान. मी मनाला सांगितलं, मंत्र्याची गाडी आहे, कप्पा पक्का बसायला हवा, आणि डब्यातले सव्वा इंची स्क्रू घेतले. दोन्ही दारांना.

काम झाल्यावर बाबा उठले. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं, कोपरे दाबले, कप्प्यात पंजा घालून ओढून पाहिलं. "हात चांगला हाय तुहा. काच खाली केली होती ना?"

"हो," मी म्हणाले.

इतकी वर्षं झाली, पण तो 'हो' मला अजून तोंडात लागतो. एक अक्षर, पण ते बोलताना मी बाबांकडे न बघता त्या स्वस्तिकाकडे बघत होते.

"निकाल मंग सांगतो," बाबा म्हणाले. "कप्प्यात काही पडू दे, काच वर-खाली होऊ दे. कामाले आल्याबिगर पास कसं म्हणाचं?"

आईला मात्र तेवढा धीर नव्हता. आमच्या गल्लीतला सार्वजनिक नळ कधीचा कोरडा पडला होता आणि बायका तलावापलीकडून हंडे आणत. आईने गल्लीतल्या बायकांना जमवून माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, हिंदीत, खाली सतरा सह्या आणि नऊ अंगठे. मंत्री पुढच्याच आठवड्यात बूढापाऱ्यातून जाणार होते, कशाचं तरी उद्घाटन होतं. आई गल्लीभर सांगत सुटली, "माह्या पोट्टीनं शिवला तो कप्पा. त्यात पह्यला अर्ज माहाच पडन." पडद्यामागच्या मुलीची एवढी जाहिरात आमच्या घरात पहिल्यांदाच होत होती. त्या दिवशी आईने ठेवणीतली हिरवी साडी काढली. फुलस्केपवरच्या त्या अर्जाची उभी चार पदरी घडी मी घालून दिली.

गाडी आली ती माणसांच्या चालीनेच. पुढे बँड, मागे कार्यकर्ते, दोन्ही बाजूंनी हार घेतलेले हात. आई बायकांना घेऊन कडेला उभी होती, मी तिच्या मागे. गाडी समोर आली आणि आई पुढे झाली. काचेतून मंत्री दिसले, गोल चेहऱ्याचे, हसरे. त्यांनी आईला पाहिलं, हँडलला हात घातला. त्यांचा कोपर हलला. काच सूतभर हलली आणि थांबली. टक् असा आवाज बँडमध्ये कोणाला ऐकू जाणार, पण मला तो माझ्या दातात ऐकू आला. त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. मग माणसाने काय करावं? त्यांनी हँडल सोडलं आणि काचेआडून हात जोडले. आई गाडीबरोबर चालत राहिली, मग पळायला लागली, एका हातात अर्ज, दुसऱ्या हाताने काचेवर टकटक. "साहेब, पानी! पानी के लिये है!" मंत्री हसत हात जोडून बसले होते. कोण्या शिपायाने आईला खांद्याला धरून बाजूला केलं. हिरव्या साडीच्या निऱ्या चिखलात गेल्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

घरी येऊन आईने अर्ज तांदळाच्या डब्याखाली ठेवला आणि निऱ्यांवरचा चिखल नखाने खरवडला. मग म्हणाली, "काहून वं, एवढा कायचा गर्व? काच खाली कराले काय लागते माणसाले?" मी मशीनचा पट्टा चढवत होते. तो चढलेलाच होता.

आता खरी गंमत. मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी दाऊराम गाडी घेऊन येईल आणि सगळं उघडं पडेल. कोणीच आलं नाही. आठ दिवसांनी आले ते दुसऱ्याच साहेबांचे ड्रायव्हर. मग आणखी एक, मग तीन. प्रत्येकाची मागणी एकच, मंत्रीजीवाला पॉकेट. आणि वर हळूच, "वो ग्लास वाला भी." झालं होतं असं की त्या दिवशी जी मिरवणूक एरवी तीन तास चालली असती, ती तासाभरात आटोपली. ना हार आत आले, ना अर्ज, ना कोणी मंत्र्यांचा हात धरून आपल्या भाच्याच्या बदलीचं सांगितलं. पीए हुशार माणूस. मेकॅनिकला हात लावू दिला नाही, आणि विचारलं त्याला सांगितलं की सुरक्षेच्या दृष्टीने ही व्यवस्था केली आहे. मंत्र्याला सुरक्षा म्हटल्यावर सचिवाला नको? सचिवाला म्हटल्यावर उपसचिवाला? ज्या साहेबांना त्यांच्या घरचा कुत्रासुद्धा ओळखत नव्हता, तेही जिवाला धोका असल्यासारखे काच बंद करून घ्यायला रांगेत उभे राहिले. आमच्या वहीत अकरा गाड्यांची नावं चढली. आईने जमीनवाल्याचं नाव काढणं सोडून दिलं. दुकान माझं होणार हे जवळजवळ ठरलंच होतं, फक्त मी तोंड बंद ठेवायचं होतं.

एका दुपारी बाबा पडदा सारून आत आले. ते सहसा येत नसत. म्हणाले, "रंजू, एक समजत नाई. कप्पा दाराले लावला. काच बंद झाली. कप्प्याचा आन् काचेचा काय संबंध?" आणि कानावरची खराट्याची काडी काढून त्यांनी माझ्या मशीनवर ठेवली. "मोजून दाखव."

मी काडीला हात लावला नाही. रडत रडत सगळं सांगितलं, शेंदूर, अम्माजी, सव्वा इंची स्क्रू आणि तो 'हो'. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती काडी उचलून परत कानावर ठेवली. आई तिकडून पीठ मळता मळता आली होती, हात पिठाचे. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे माह्या तोंडावर काच तुह्यानं बंद झाली का वं?"

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, सासूची, बँकेच्या साहेबाची, एका गिऱ्हाइकाने तर कात्री उगारली होती. त्या वाक्याइतकं काही लागलं नाही.

बाबा म्हणाले, "आखूड स्क्रू घे आन् जा."

"बाबा, मंग त्या अकरा गाड्या? त्या परत जातीन. मंग दुकान?"

"दुकानाचं मंग पाहू. आधी काच खाली."

मी सायकल काढली. निघताना आईने तांदळाच्या डब्याखालून अर्ज काढून माझ्या पिशवीत घातला. शंकर नगरच्या बंगल्यावर पीए व्हरांड्यात बसले होते. मी सांगितलं, कामात चूक राहिली, स्क्रू बदलून देते. ते एकदम उभेच राहिले. "कुछ मत छूना! यही तो खूबी है. तब से एक आवेदन नहीं आया. जनता संतुष्ट है." मग त्यांनी मला चहा विचारला. म्हणजे मला हाकलत होते, पण राजधानीच्या पद्धतीने.

मागे गाडी धुण्याच्या जागी दाऊराम होता. त्याने इतके दिवस काचेवरच्या स्वस्तिकाभोवती नुसतं पुसून ते जपलं होतं. मी त्यालाही सगळं सांगितलं. त्याने बंगल्याकडे पाहिलं, अंगणातल्या अम्माजींच्या खाटेकडे पाहिलं, ती रिकामी होती. म्हणाला, "मोर बहिनी घलो कागज धर के ठाढ़े रहिस ओ दिन." त्याचीही बहीण त्या दिवशी कागद घेऊन उभी होती. "साहब खावत हे. दस मिनट." मंत्री जेवायला बसले होते.

मला सात मिनिटं लागली. दोन्ही दारांचे सव्वा इंची काढले, अर्धा इंची बसवले, आणि हँडल फिरवलं. काच लोण्यासारखी खाली गेली. रबराने स्वस्तिक निपटून काढलं, वर एक लाल ओरखडा राहिला. दाऊरामने डोळे मिटून हात जोडले. मी पिशवीतून अर्ज काढला आणि कप्प्यात उभा ठेवला. उंचीचं माप अगदी बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी पीए स्वतः आले, मागे गाडी, गाडीच्या मागे आमच्या वहीतले दोन-तीन ड्रायव्हर तमाशा बघायला. "काँच उतर रही है," ते बाबांवर कडाडले, "जैसा था वैसा करो, अभी." बाबा काही बोलायच्या आत मी पडदा सारून बाहेर आले. मी म्हणाले, "मैंने लगाया था, मैंने ही निकाला. दुबारा नहीं लगेगा." पीए माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "ये लड़की करती है आपके यहाँ काम?"

बाबा बाकावरून उठले. "हो," म्हणाले. "सारं हीच करते. पह्यलेपासून."

गाड्या गेल्या त्या गेल्याच. अकराही साहेबांनी पुढे दुसऱ्या मोहल्ल्यात आपल्या काचा बंद करून घेतल्या, त्यात दोन फुटल्या असं टपरीवर ऐकलं. मंत्र्यांच्या काचेचंही तिथेच कोणीतरी काहीतरी केलं असणार, पण दाऊराम पुन्हा कधी आला नाही. त्या संध्याकाळी बाबांनी पडदा काढला आणि त्याचे चार तुकडे करून हात पुसायला ठेवले. जमीनवाल्याला निरोप गेला की दुकान द्यायचं नाही. मशीन पुढे आली, रस्त्यावरून दिसेल अशी. मी विचारलं, "बाबा, मंग मी पास का नापास?" ते म्हणाले, "निकाल यायचा हाय." आमच्या राज्यात निकालाला किती वर्षं लागू शकतात हे माहीत असल्याने मी पुन्हा विचारलं नाही.

आता माझी चाळिशी उलटली. मंत्री किती आले-गेले याचा हिशेब साहूकाकींची सून ठेवते. नव्या गाड्यांच्या दारांना कंपनीकडूनच इतके कप्पे येतात की माणसाला आपली बाटली कुठे ठेवली ते आठवत नाही. मी आता सीटांचं काम करते, हाताखाली चार बायका आहेत. बाबांना जवळजवळ दिसत नाही, पण ते रोज दुकानात येऊन बाकावर बसतात, कानावर काडी असते.

मागच्या महिन्यात एक माणूस जुनी पांढरी गाडी घेऊन आला. सरकारी लिलावात मिळालेली, त्याला ती वरातीसाठी भाड्याने द्यायची होती, आतून मखमल हवी होती. मी मागचं दार उघडलं आणि माझा दुहेरी टाका ओळखला. रेक्झिन तडकलं होतं, टाका नव्हता तडकला. आधी काच खाली केली. ती अडखळत का होईना, पण पूर्ण उतरली. मग कप्प्यात हात घातला. एक कंगवा, सुपारीची रिकामी पाकिटं, कोणाची तरी लग्नपत्रिका, आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभा, चार पदरी कागद. घडी माझीच होती. ती कोणी एकदाही उलगडलेली नव्हती.

आईला आतून बोलावलं. तिने चष्मा लावून अर्ज वाचला, सतरा सह्या मोजल्या, त्यातल्या कोण कोण गेल्या ते बोटांवर सांगितलं. नळ आता घरात आहे, पाणी कधी येतं ते वेगळं. "मेल्यानं वाचलाच नाई," ती म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे हसली. बाबांनी हात पुढे केला. मी त्यांना गाडीपाशी नेलं. त्यांनी अर्ज बोटांनी चाचपला, परत कप्प्यात ठेवला, दार धरून दोनदा गदागदा हलवलं. कागद पडला नाही. मग म्हणाले, "काच फिरव." मी हँडल फिरवलं, वर, खाली, पुन्हा वर. ते मान तिरकी करून ऐकत होते.

"पास," ते म्हणाले.

"कोन?" आईने विचारलं. "मंत्री?"

"मंत्री कायचा पास? रंजू."

हाताखालच्या चार बायका, एक वरातवाला आणि रस्त्यावरचे दोन जण माझ्याकडे बघत होते. मला तोंड लपवायला पडदा हवा होता, पण त्याचे तुकडे होऊन कधीच झिजून गेले होते, म्हणून मी तशीच सगळ्यांसमोर रडले.